ओळख पडजिभेची

विद्यार्थी मित्रांनो, एक लहान आरसा हातात घ्या आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहा. आता तोंड मोठे उघडा व 'आ' असा आवाज काढा. जिभेच्या मागे, घशाच्या दारावर, वरून खाली लोंबणारा एक छोटा गुलाबी मांसल भाग तुम्हांला दिसेल. 'आ' म्हणताच तो वर उचलला जातो आणि आवाज थांबवताच पुन्हा खाली येतो. त्याची लांबी साधारणपणे एक ते दीड सेंटिमीटर असते. या भागाला मराठीत 'पडजीभ' म्हणतात.

पडजीभ म्हणजे 'पडलेली जीभ' असे कोणाला वाटेल. पण तसे नाही. मराठीत काही शब्दांच्या आधी 'पड' हा लहानसा शब्द लागतो. तो 'प्रति' या संस्कृत शब्दापासून आला आहे. आवाज डोंगरावर आदळून परत येतो, त्याला आपण 'पडसाद' म्हणतो. माणसाच्या सावलीला 'पडछाया' म्हणतात. तसेच जिभेसमोर असणारी दुसरी, लहान जीभ म्हणजे 'पडजीभ'. संस्कृतमध्ये तिला 'प्रतिजिह्वा' असेच नाव आहे.

तुमच्या घरी तिला 'कव्वा' म्हणत असतील. उर्दूत हा शब्द एका पक्ष्याचा आणि घशातील या भागाचाही आहे. मराठीत मात्र कव्वा म्हणजे फक्त कावळा! म्हणून मराठी बोलणाऱ्या डॉक्टरांना "माझ्या घशातला कावळा दुखतो" असे सांगू नका. त्यांना हसू आवरणार नाही. 'पडजीभ दुखते' असे म्हणा. अरबी भाषेत तिला 'लहात' म्हणतात. लॅटिन भाषेतील तिच्या नावाचा अर्थ 'छोटे द्राक्ष' असा आहे आणि डॉक्टरांच्या पुस्तकांत आजही तेच 'युव्ह्युला' हे नाव आढळते. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना ती हत्तीच्या सोंडेसारखी दिसली. म्हणून ती सुजून वाढली, की त्या आजाराला ते 'गलशुंडिका', म्हणजे 'गळ्यातील छोटी सोंड' म्हणत. अवयव एकच, पण कोणाला तो जिभेसारखा दिसला, कोणाला द्राक्षासारखा, तर कोणाला सोंडेसारखा.

नावे इतकी असली तरी पडजिभेची आठवण आपल्याला होते ती बहुधा तक्रार करण्यासाठीच. मुलाला रात्री खोकल्याची ढास लागली, त्याने दूध ओकून टाकले किंवा त्याचा घसा दुखू लागला, की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "याची पडजीभ वाढली आहे." उर्दू बोलणाऱ्या घरांत दादी किंवा नानी म्हणते, "कव्वा गिर गया." मग कोणी अंगठ्याला मीठ किंवा मिरपूड लावून पडजीभ वर दाबतात. मुलाच्या भल्यासाठीच हे केले जाते. पण खोकल्याचा दोष खरोखर पडजिभेचा असतो का? निकाल देण्यापूर्वी आरोपीची बाजू ऐकून घ्यावी, हा न्याय आहे. म्हणून आधी पडजीभ काय काम करते ते पाहू.

आपल्या जिभेचे टोक वरच्या दातांमागे लावा आणि हळूहळू मागे न्या. सुरुवातीला कठीण भाग लागेल. ही 'कठीण टाळू' होय. तिच्या आत हाड असते. जीभ आणखी मागे नेली, की एकदम मऊ भाग लागतो. ही 'मऊ टाळू'. तिच्यात हाड नसते, स्नायू असतात. म्हणून ती वर-खाली हलू शकते. पडजीभ ही या मऊ टाळूचेच मागचे टोक आहे. ती वेगळी, एकटी लोंबत नसते. तिच्यातही स्नायूंचे धागे आणि लाळ तयार करणाऱ्या पुष्कळ लहान ग्रंथी असतात. (मराठीत डोक्याच्या माथ्यालाही 'टाळू' म्हणतात. 'टाळूला तेल लाव' असे आई म्हणाली, तर बाटली तोंडाकडे नेऊ नका!)

आता आपल्या घशाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. घसा म्हणजे एक चौक आहे. त्याला वरून नाकाचा रस्ता येऊन मिळतो आणि समोरून तोंडाचा. चौकातून खाली दोन रस्ते जातात. एक श्वासनलिका; ती फुप्फुसांकडे जाते. दुसरी अन्ननलिका, ती जठराकडे जाते. हवा आणि अन्न दोघांनाही याच चौकातून जायचे असते. अशा चौकात वाहतुकीला वळण लावणारे कोणीतरी हवेच.

तुम्ही घास चावत असता तेव्हा तोंड मिटलेले असते आणि श्वास नाकाने चालू असतो. त्या वेळी मऊ टाळू खाली उतरून जिभेच्या मागच्या भागाला टेकते. त्यामुळे नाकाचा रस्ता उघडा राहतो आणि अर्धवट चावलेला घास घशात घसरत नाही. मग तुम्ही घास गिळता. त्याच क्षणी मऊ टाळू वर उचलली जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकते. पडजिभेचे स्नायू आखडतात, ती आखूड व जाड होते आणि ती फट बुजवण्यास मदत करते. नाकाकडचा रस्ता बंद होतो. घास वर जाऊ शकत नाही. त्याला खालीच जावे लागते. हे सर्व काम एका सेकंदाच्या आत होते आणि तुम्हांला त्याचा पत्ताही लागत नाही.

पाणी पिताना कोणी हसवले, की पाणी कधी कधी नाकातून बाहेर येते. असा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. आता त्याचे कारण तुमच्या लक्षात येईल. गिळताना वरचे दार बंद होते. पण हसण्यासाठी हवा बाहेर सोडावी लागते. हसू आणि घोट एकाच वेळी आले, की दाराचा गोंधळ होतो आणि पाणी चुकीच्या रस्त्याने जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गिळताना पडजीभ श्वासनलिकेचे तोंड बंद करते, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. श्वासनलिका पडजिभेपासून बरीच खाली आहे. तिच्या तोंडाशी स्वरयंत्र असते. गिळताना स्वरयंत्र वर सरकते आणि जिभेच्या मुळाशी असलेले पानाच्या आकाराचे एक झाकण त्यावर झुकते. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. स्वरयंत्र वर सरकल्याचे बोटाला कळेल. हे खालचे दार नीट बंद झाले नाही, तर ठसका लागतो. थोडक्यात, वरचे दार टाळूचे आणि खालचे दार स्वरयंत्राचे. दोन दारे, दोन वेगळी कामे.

पडजिभेचे दुसरे काम म्हणजे घसा ओला ठेवणे. तिच्यातील ग्रंथी पातळ लाळ सोडतात. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी माणसाच्या व काही प्राण्यांच्या टाळूची तुलना केली. माणसासारखी पूर्ण वाढलेली पडजीभ त्यांना त्या प्राण्यांत आढळली नाही. बबून जातीच्या माकडांत तेवढी एक लहान, अर्धवट पडजीभ दिसली. माणूस इतर प्राण्यांपेक्षा खूप अधिक आणि खूप गुंतागुंतीचे बोलतो. बोलताना घशाला कोरड पडू नये म्हणून पडजीभ उपयोगी पडत असावी, असे मत त्या शास्त्रज्ञांनी मांडले. सगळ्या शास्त्रज्ञांना हे मत मान्य झालेले नाही. तरी पडजीभ बोलण्याच्या कामात मदत करते, याबद्दल वाद नाही.

ते तुम्ही स्वतःच करून पाहू शकता. वर्गात मी हा प्रयोग करायला सांगतो तेव्हा मुलांना फार मजा वाटते. दोन बोटांनी नाक घट्ट धरा आणि म्हणा, 'बाबा, दादा'. काही फरक पडला नाही ना? आता नाक तसेच धरून म्हणा, 'मामा, नाना'. मामाचे 'बाबा' होतात आणि नानाचे 'दादा'! असे का होते? 'म' आणि 'न' म्हणताना मऊ टाळू खाली येते आणि हवा नाकातून जाते. नाक बंद असेल तर हवेला वाट मिळत नाही. 'ब' आणि 'द' म्हणताना मऊ टाळू व पडजीभ वर जाऊन नाकाची वाट बंद करतात. हवा फक्त तोंडातून जाते. म्हणून नाक धरले काय आणि सोडले काय, फरक पडत नाही. 'मनात बसले' एवढे दोन शब्द बोलताना हे दार कितीदा उघडते आणि कितीदा मिटते, याचा विचार करा. टाळूची ही चपळाई पाहून आश्चर्य वाटते.

मित्रांनो, पडजिभेशी तुमचे आणखी एक खास नाते आहे. तुम्ही उर्दू बोलता. उर्दूत 'काफ' आणि 'क़ाफ़' ही दोन वेगळी अक्षरे आहेत. आधी 'कल' म्हणा, मग 'क़लम' म्हणा. 'कल' मधला क म्हणताना जिभेची मागची बाजू मऊ टाळूला लागते. 'क़लम' मधला क़ म्हणताना जीभ आणखी मागे जाते, अगदी पडजिभेजवळ. म्हणजे क़ हे पडजिभेजवळचे अक्षर आहे.

ही गोष्ट आठव्या शतकातील एका विद्वानाने नोंदवून ठेवली आहे. त्यांचे नाव ख़लील इब्न अहमद. ते इराकमधील बसरा शहरात राहत. त्यांनी अरबी भाषेच्या 'किताबुल ऐन' या शब्दकोशाची योजना आखली. त्यात अक्षरांचा क्रम नेहमीचा नाही. कोणता आवाज तोंडात कोठून निघतो ते पाहून, घशापासून ओठांपर्यंत, त्यांनी अक्षरे लावली. त्यांनी क़ाफ़ आणि काफ या अक्षरांना 'लहवी' म्हटले, कारण त्यांचा उगम 'लहात' म्हणजे पडजिभेपाशी आहे. क, च, ट, त, प ही मराठी वर्णमालाही घशाकडून ओठांकडे येते, हे तुमच्या लक्षात आले का? आवाज कोठून निघतो हे तपासण्याची दृष्टी दोन्हीकडे सारखीच आहे.

मराठीत क़ हा आवाज नाही. अरबी-फारसीतून अनेक शब्द मराठीत आले, तेव्हा त्यांतला क़ पुढे सरकला आणि साधा क झाला. क़लमचे कलम झाले, क़ानूनचे कानून आणि क़ायदाचे कायदा. क़ीमतची किंमत झाली, हक़चा हक्क, मुक़ामचा मुक्काम आणि क़ुफ़्लचे तर कुलूप झाले! हे शब्द मराठीत बोलताना 'क' म्हणणेच योग्य, आणि उर्दूत बोलताना 'क़' म्हणणे योग्य. यात चूक कोणाचीच नाही. प्रत्येक भाषेची जीभ वेगळ्या जागी टेकते, एवढेच. युरोपातही पाहा. पॅरिसमधील फ्रेंच माणूस 'र' म्हणतो तो आपल्यासारखा जिभेच्या टोकाने नव्हे, तर घशात, पडजिभेजवळ. आपण गुळण्या करताना घशात जो खुळखुळ आवाज येतो, तोही पडजीभ थरथरल्यामुळेच येतो.

पडजीभ जवळ असलेल्या घशाच्या मागच्या भागाला काही टोचले किंवा स्पर्श झाला, की एकदम उमासा येतो. ही शरीराची राखण करण्याची पद्धत आहे. मोठा, न चावलेला तुकडा किंवा एखादी चुकीची वस्तू घशात उतरू नये म्हणून शरीर ती बाहेर ढकलते. म्हणून घशात बोट, पेन्सिल किंवा चमचा घालण्याचा खेळ कधीही करू नका.

डॉक्टर तुम्हांला 'आ' म्हणायला का सांगतात, तेही आता समजून घ्या. ते फक्त घसा लाल झाला आहे का एवढेच पाहत नाहीत. 'आ' म्हणताच टाळू दोन्ही बाजूंनी सारखी उचलली जाते का आणि पडजीभ मध्यभागी राहते का, हेही त्यांना कळते. मेंदूकडून टाळूकडे येणाऱ्या मज्जातंतूंपैकी एका बाजूचा तंतू दुबळा झाला, तर ती बाजू उचलली जात नाही आणि पडजीभ चांगल्या बाजूकडे ओढली जाते. एवढीशी पडजीभ, पण डॉक्टरांना मेंदूकडची बातमी सांगते!

आता त्या जुन्या आरोपाकडे वळू. सर्दी झाली, घशाला जंतूंची लागण झाली, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आली किंवा माणूस रात्रभर जोराने घोरला, तर पडजीभ सुजू शकते. सुजली, की ती जिभेला टेकते आणि घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. म्हणजे सूज हा आजाराचा परिणाम आहे. घसा सुजला म्हणून पडजीभ सुजते. पडजिभेने खोकला आणलेला नसतो. दाराबाहेर भांडण झाले आणि दाराला धक्का लागला, तर आपण दाराला शिक्षा करत नाही.

सुजलेली पडजीभ अंगठ्याने दाबली तर काय होईल? नखाने जखम होईल, रक्त येईल, हातावरचे जंतू जखमेत जातील आणि लहान बाळाचा श्वासही अडकू शकेल. आजार मात्र जागच्या जागी राहील. मोठ्या मुलांनी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या, तर घशाला आराम वाटतो. पण त्रास चालू राहिला, ताप आला, गिळता येईना झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा तोंडातून लाळ गळू लागली असेल, तर एक क्षणही न थांबता रुग्णालयात जावे.

काही ठिकाणी तर पडजीभ कापूनच टाकतात. आफ्रिकेतील इथिओपिया, नायजेरिया, नायजर, टांझानिया अशा देशांत ही जुनी प्रथा आढळते. नायजेरिया व नायजरमधील हौसा लोकांत हे काम 'वांझामी' म्हणजे पारंपरिक न्हावी करतात. अनेकदा बाळ अवघे सात दिवसांचे असताना त्याची पडजीभ कापली जाते. पुढे घशाचे आजार होऊ नयेत, असा आईबापांचा हेतू असतो. पण अस्वच्छ हत्यारांमुळे रक्तस्राव, जंतूंची लागण आणि धनुर्वात होऊन बाळे दगावल्याची उदाहरणे तेथील डॉक्टरांनी नोंदवली आहेत. हेतू चांगला असला, तरी माहिती चुकीची असेल तर घात होतो.

जुन्या काळातील जाणत्या वैद्यांनाही हा धोका माहीत होता. सुश्रुतसंहितेत वाढलेली पडजीभ छाटण्याची रीत सांगितली आहे; पण जास्त कापल्यास रक्तस्राव होऊन रोगी दगावेल, असा इशाराही दिला आहे. स्पेनमधील कोर्डोबाजवळ 936 च्या सुमारास जन्मलेले अल-ज़हरावी हे मोठे शल्यचिकित्सक होते. त्यांनी 'अत्-तसरीफ़' हा 30 भागांचा वैद्यकग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या भागात शस्त्रक्रियांची माहिती आहे. त्यांनी सांगितले, की पडजीभ वाढली असेल तर नेहमीच्या आकारापेक्षा वाढलेला भाग तेवढाच काढावा. अधिक कापली तर आवाज आणि बोलणे बिघडते. आजच्या डॉक्टरांसारखी साधने हाती नसताना त्यांनी केवळ निरीक्षणातून हे जाणले होते.

आजच्या काळातही डॉक्टर क्वचित पडजिभेची शस्त्रक्रिया करतात. झोपेत मऊ टाळू आणि पडजीभ सैल पडतात. त्यांच्यावरून जाणारी हवा त्यांना थरथरवते; तेच घोरणे होय. काही माणसांचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडकतो. अशा रोग्यांसाठी अमेरिकेतील शल्यचिकित्सक शिरो फुजिता यांनी 1981 मध्ये एका शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. तीत पडजीभ व तिच्याजवळचा काही भाग काढतात. तिचा काहींना फायदा झाला. पण काही रोग्यांचा घसा कोरडा पडू लागला आणि कोणाकोणाच्या नाकात पाणी चढू लागले. पडजीभ निरुपयोगी नव्हती, हे ती गेल्यावर कळले! म्हणून आता डॉक्टर सर्व तपासण्या करून, गरज असेल तरच ही शस्त्रक्रिया करतात.

आता जे सांगतो, ते विशेष लक्ष देऊन वाचा. बाळ आईच्या पोटात असते तेव्हा त्याची टाळू दोन बाजूंनी वाढत येते आणि मध्यभागी जुळते. ही जुळणी पुढून मागे होत जाते. साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास ती पूर्ण होते आणि सर्वांत शेवटी पडजीभ जुळते. काही बाळांत ही जुळणी अपुरी राहते. टाळूला फट राहिली, तर तिला 'दुभंगलेली टाळू' म्हणतात. कधी फक्त पडजिभेचीच दोन टोके दिसतात. बहुतेकांना तिचा काही त्रास होत नाही. पण क्वचित वरून अखंड दिसणाऱ्या टाळूच्या आत स्नायू जुळलेले नसतात आणि पडजिभेची दोन टोके ही त्याची खूण असते. म्हणून ती डॉक्टरांना दाखवलेली बरी.

टाळूला फट असलेल्या बाळाचे दूध नाकातून बाहेर येते. ते मोठे झाले, की बोलताना हवा नाकातून निसटते आणि शब्द अस्पष्ट येतात. अशा मुलाला लोक 'गेंगाणा' म्हणून हिणवतात. वाचायला सांगितले, की वर्ग हसतो. मग ते मूल हळूहळू बोलणेच सोडून देते आणि लोक त्याला मंद समजू लागतात. त्याची बुद्धी कमी नसते, मित्रांनो. त्याच्या टाळूचे दार नीट लागत नाही, एवढेच. आत्ताच तुम्ही नाक धरून 'मामा' म्हणून पाहिले. तुमचे दोन्ही मार्ग उत्तम असताना तुम्हांला 'मामा' म्हणता आले नाही. मग ज्याचे दारच उघडे राहते, त्याने 'बाबा' कसे म्हणावे?

या दोषावर उपाय आहे. टाळू शिवण्याची शस्त्रक्रिया बाळ साधारण 9 ते 18 महिन्यांचे असताना करतात. नंतर वाचातज्ज्ञ मुलाला स्पष्ट बोलायला शिकवतात. आपल्या देशात 2013 मध्ये 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. त्याची सुरुवात महाराष्ट्रातील पालघर येथे झाली. या कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत येऊन मुलांची तपासणी करते. ज्या दोषांसाठी ही तपासणी होते, त्यांत दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू यांचाही समावेश आहे. दोष आढळला तर मुलाला पुढील उपचारासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तुमच्या मोहल्ल्यात किंवा नात्यात असे बाळ असेल, तर त्याच्या आईवडिलांना ही माहिती सांगा. 'नशिबात होते' म्हणून ते गप्प बसले असतील.

आणखी एक रोग टाळूचे दार निकामी करतो. तो म्हणजे घटसर्प. उर्दूत त्याला 'ख़ुनाक़' म्हणतात. यात घशात, टॉन्सिलवर व पडजिभेवर राखाडी रंगाचा चिवट पडदा धरतो. श्वास कोंडून मूल दगावू शकते. वाचले तरी काही मुलांची मऊ टाळू काही आठवडे लुळी पडते आणि प्यालेले पाणी नाकातून येते. पण हा रोग लस देऊन टाळता येतो. बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांचे असताना लस देतात. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास व पाच-सहा वर्षांचे झाल्यावर पुन्हा डोस देतात. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी 'टीडी' ही लस असते. तुमच्यापैकी अनेकजण याच वयाचे आहात. सुईला घाबरून त्या दिवशी शाळा चुकवू नका.

तर अशी ही पडजीभ. घास गिळताना ती नाकाची वाट बंद करण्यास मदत करते, बोलताना घसा ओला ठेवते, आणि तिच्याजवळून निघालेल्या एका अक्षराने तुमची क़लम इतरांच्या कलमाहून वेगळी होते. यापुढे घरात कोणी लहान भावाच्या तोंडात अंगठा घालू लागले, तर अदबीने हात धरा आणि म्हणा, "दादीजान, थांबा. पडजिभेचा काही गुन्हा नाही. आपण याला दवाखान्यात नेऊ या." आणि वर्गात एखादा मुलगा नाकातून बोलत असेल, तर त्याचे वाचन पूर्ण होईपर्यंत शांत बसून ऐका. न हसता ऐकणारा वर्ग मिळाला, तर तोही पुढच्या खेपेस हात वर करील.